अंग आंबते म्हणजे काय?

आमच्या विद्यालयाच्या वार्षिक क्रीडासामन्यांस आरंभ होऊन दुसरा दिवस उजाडला होता. आदल्या दिवशी सोळाशे मीटरांच्या शर्यतीत मोठ्या ईर्ष्येने धावलेला नववीतील एक विद्यार्थी भिंतीचा आधार घेत घेत वर्गात आला व बाकावर बसताना त्याच्या तोंडून नकळत "आई ग" असे शब्द निघाले. आम्ही विचारपूस करताच तो म्हणाला, "सर, पाय आंबलेत. आजी म्हणते, दोन दिवस स्वस्थ बस. दादा भरतीची तयारी करतो. तो म्हणतो, पायांत ॲसिड साचलंय, ते जाळायला आज दोन फेऱ्या जास्तच मार. मी कुणाचं ऐकू?"

वर्गात हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा खचित नव्हता. आमच्या ह्या भागातील कितीतरी मुले व मुली पोलीस व सैन्य यांच्या भरतीची आशा उराशी बाळगून पहाटेच्या अंधारात रस्त्यांवर धावत असतात. थकवा म्हणजे काय, तो कोठून येतो व त्याचे कोठवर ऐकावे, हे त्यांस कळणे अगत्याचे आहे. म्हणून त्या दिवशी वर्गात जे थोडक्यात सांगितले, तेच येथे जरा विस्ताराने आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहोत.

आपली मराठी भाषा मोठी मार्मिक आहे. दही आंबते, आंबिलीसाठी भिजविलेले ज्वारीचे पीठ आंबते, आणि दिवसभर रानात ज्वारी उपटल्यावर माणसाचे अंगही आंबते! दह्यास व आंबिलीस जो आंबटपणा येतो तो मुख्यत्वेकरून एका आम्लामुळे येतो. त्यास दुग्धाम्ल अथवा लॅक्टिक ॲसिड असे म्हणतात. स्वीडन देशाचा रसायनशास्त्रज्ञ शेले याने १७८० साली ते आंबलेल्या दुधात शोधून काढले. पुढे १८०७ च्या सुमारास त्याच देशाच्या बर्झेलिअस या पंडितास हेच आम्ल प्राण्यांच्या स्नायूंतही आढळले. आमच्या आज्या-पणज्यांनी रसायनशाळेचे तोंडही पाहिले नव्हते. तथापि अंग 'आंबते' हा त्यांचा शब्द व शास्त्रज्ञांचा शोध यांचा मेळ पाहून कोणासही कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. परंतु मेळ दिसला म्हणजे सत्य हाती आले असे नव्हे, हेच आजच्या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम स्नायू काम कसे करतो ते पाहू. स्नायूचे आकुंचन व्हावयास ऊर्जा लागते आणि ती एटीपी नावाच्या द्रव्याच्या रूपाने खर्च होते. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यास ऊर्जेचे चलन म्हटले आहे. परंतु हे चलन स्नायूच्या गाठी फारच थोडे असते. जोराने धावू लागल्यास अवघ्या काही क्षणांत संपावे इतकेच. म्हणून ते सतत नव्याने पाडावे लागते. त्याच्या तीन टांकसाळी आहेत. पहिली क्रिएटिन फॉस्फेट या द्रव्याची. ही अत्यंत जलद, परंतु तिचा साठा पूर्ण वेगाच्या धावेस दहाएक सेकंदच पुरतो. दुसरी टांकसाळ साखरेची. हिच्यात ग्लुकोजचे अर्धवट विघटन होऊन त्याच्या एका रेणूमागे २ एटीपी निव्वळ मिळतात. ऑक्सिजन लागत नाही व वेगही पुष्कळ असतो. तिसरी टांकसाळ पेशींतील तंतुकणिकांची. ही ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याच ग्लुकोजपासून सुमारे ३० एटीपी काढते. परंतु तिचा वेग बेताचा, व रक्ताने पुरविलेल्या प्राणवायूवर तिचा सारा भरवसा.

मंद गतीने चालताना तिसरी टांकसाळ एकटीच सारे काम निभावते. पण शेवटच्या फेरीत विद्यार्थी जेव्हा जिवाच्या आकांताने धावतो, तेव्हा तिची गती अपुरी पडते व दुसरी टांकसाळ भरात चालू लागते. ह्या घाईच्या कामात जे द्रव्य मोठ्या प्रमाणावर तयार होते ते दुग्धाम्ल. शरीरात ते आम्लाच्या मूळ रूपात राहत नाही. त्याचे लॅक्टेट बनते, आणि स्नायूचा आम्लपणा वाढतो. विश्रांतीच्या वेळी रक्तात लॅक्टेटचे जे प्रमाण असते, त्याच्या दहा-पंधरा पट किंवा त्याहूनही अधिक प्रमाण जोराच्या शर्यतीनंतर आढळते.

मग थकवा ह्या आम्लाने येतो काय? पूर्वीच्या शास्त्रज्ञांचे उत्तर 'होय' असे होते, आणि त्यास आधारही होता. इंग्लंडातील केंब्रिज येथे फ्लेचर व हॉपकिन्स यांनी १९०७ साली बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखविले की, प्राणवायूवाचून काम करणाऱ्या स्नायूत दुग्धाम्ल साचते, स्नायू थकतो, आणि प्राणवायू मिळताच ते आम्ल नाहीसे होते. ह्याच विषयात पुढे मोलाचे संशोधन करणारे इंग्लंडचे हिल व जर्मनीचे मायरहोफ यांस १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून 'दुग्धाम्ल म्हणजे थकव्याचे विष' ही समजूत जगभर रूढ झाली व व्यायामशाळांतून अद्यापही ती ऐकू येते.

परंतु चोरीच्या जागी एखादा मनुष्य सापडला एवढ्यावरून तोच चोर ठरत नाही. पुढील शास्त्रज्ञांनी ह्या आरोपाची फेरतपासणी केली, तेव्हा अनेक गोष्टी आरोपीच्या बाजूने निघाल्या. ब्रायन मॅकआर्डल या वैद्याने १९५१ साली एका विचित्र व्याधीचे वर्णन केले. ह्या व्याधीच्या रोग्यांच्या स्नायूंस आपल्या साठ्यातील साखर मोडता येत नाही. त्यामुळे व्यायाम करूनही त्यांच्या रक्तात दुग्धाम्ल वाढत नाही. आम्ल हेच थकव्याचे कारण असते, तर हे लोक कधी थकलेच नसते. प्रत्यक्षात ते तुमच्या-आमच्याहून पुष्कळ लवकर थकतात! शिवाय बेडकाच्या थंड स्नायूंत आम्लाचा जो दुष्परिणाम दिसतो, तो मनुष्यशरीराच्या उष्णतेस पुष्कळ कमी होतो, असेही आढळले. २००१ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी तर असे दाखविले की, श्रमाच्या वेळी स्नायूंच्या पेशींबाहेर पोटॅशियम साचून जी शिथिलता येते, ती आम्लाच्या योगाने काही अंशी भरून निघते. ज्यास चोर म्हणून धरले, तो पहारेकऱ्याच्या मदतीस धावलेला शेजारी निघाला!

मग खरा दोष कोणाचा? क्रिएटिन फॉस्फेटचे विघटन होऊन जे फॉस्फेट मोकळे होते, ते स्नायूंच्या तंतूंची पकड सैल करते व आकुंचनाची आज्ञा पोहोचविणाऱ्या कॅल्शियमच्या कामातही विघ्न आणते. दीर्घ श्रमात साखरेचा साठा आटतो. घामावाटे पाणी व क्षार जातात. शरीराची उष्णता वाढते. आम्लपणाचाही ह्यात थोडा वाटा आहे, आणि धावताना मांड्यांत जी जळजळ होते तिच्याशीही त्याचा संबंध आहे. सारांश, थकवा हे एकट्या दुग्धाम्लाचे कृत्य नव्हे. अनेक कारणांचा तो समुदाय आहे.

इतकेच नव्हे, तर दुग्धाम्ल हा टाकाऊ कचराही नव्हे. अमेरिकेतील जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८० नंतरच्या दशकात सिद्ध केले की, एका स्नायूत तयार झालेले लॅक्टेट रक्तावाटे दुसऱ्या स्नायूंस व हृदयास जाऊन पोहोचते आणि तेथे इंधन म्हणून जळते. उरलेला काही भाग यकृतात जाऊन त्याची पुन्हा साखर होते. ही क्रिया कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने आधीच शोधली होती, व साखरेच्या साठ्याविषयीच्या कार्याबद्दल त्यांस १९४७ साली नोबेल पारितोषिकही लाभले. भाकरी करून उरलेला विस्तव आमच्या माउल्या वाया घालवीत नाहीत. त्यावर दूध तापवितात. शरीराचा संसारही तितकाच काटकसरीचा आहे.

आता आमच्या त्या विद्यार्थ्याच्या दुखऱ्या पायांकडे वळू. शर्यत संपल्यावर तासाभरातच रक्तातील लॅक्टेट पूर्वपदावर येते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आंबतात ते कशाने? आम्ल तर केव्हाच निघून गेलेले असते! ह्याचे उत्तर थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच सुचविले होते. सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंच्या सूक्ष्म तंतूंस इजा होते, तेथे दाह होतो व दुरुस्तीचे काम सुरू होते. ती ही वेदना होय. ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसास पोहोचते. स्नायू ताणला जात असतानाच जोर लावावा लागतो, अशा कामांनी ती विशेष होते: उतार उतरणे, बैठक मारताना खाली जाणे, ओझे हळूहळू खाली ठेवणे. म्हणूनच डोंगर चढल्यापेक्षा उतरल्यावर मांड्या अधिक दुखतात, आणि सुगीच्या पहिल्या दिवशी ज्यांचे अंग मोडून येते, तेच लोक आठवड्याभराने हसतखेळत काम करतात. दुरुस्त झालेला तंतू पहिल्यापेक्षा चिवट होतो. तेव्हा आंबलेल्या पायांत 'जाळावयाचे' असे काही उरलेलेच नसते. दादाचा उपदेश येथे चुकला. मालिशनेही आम्ल पिळून निघत नाही. मात्र तिने व ऊन पाण्याने बरे वाटते, हे खरे.

थकव्याचे आणखी एक उगमस्थान आहे. ते स्नायूंत नसून मस्तकात आहे. स्नायूंची शक्ती पूर्ण संपण्यापूर्वीच मेंदू त्यांस आवरते घेण्याची सूचना देतो व थोडी शिल्लक राखून ठेवतो. ह्याचे प्रत्यंतर आमच्या किल्लारीने जितक्या दुःखाने पाहिले, तितके क्वचितच कोणी पाहिले असेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, येथील भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली आणि किल्लारी व आसपासच्या गावांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. आम्ही त्या वेळी प्राथमिक शाळेत शिकत होतो. यंत्रे येईपर्यंत वडीलधाऱ्या माणसांनी हातांनी दगड उपसले. एरव्ही दोघांना न हालणारे धोंडे एकेकट्याने बाजूस सारले; अन्न नाही, झोप नाही, विश्रांती नाही. दिवसभर असे राबलेले हात दुसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या उचलीनात, ते आम्ही ह्या डोळ्यांनी पाहिले आहे. ढिगाऱ्याखाली आपले माणूस आहे हे कळताच मेंदूने आपली राखून ठेवलेली शिल्लक मोकळी केली, आणि तिची किंमत शरीराने मागाहून चुकविली. अशी शिल्लक अशाच प्रसंगांसाठी असते. शर्यतीतील एका क्रमांकासाठी ती उधळावयाची नसते.

विश्रांतीचे मोल किती, हे एका थोर मराठी मल्लाच्या चरित्रावरून दिसून येईल. कुस्तीचे वेड आमच्या जिल्ह्यास नवे नाही. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले होते. त्यांच्याही आधी, १९५२ साली, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या सामन्यांत जपानच्या इशीशी त्यांची झुंज फार लांबली. ती संपते न संपते तोच त्यांस सोव्हिएत संघाच्या मामेदबेयोव्हशी लढण्यास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. परंतु खाशाबांची बाजू मांडण्यास भारताचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असा वृत्तान्त सांगण्यात येतो. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. इशीस सुवर्णपदक व मामेदबेयोव्हास रौप्यपदक मिळाले. अर्ध्या तासात क्रिएटिन फॉस्फेटचा साठा बहुतेक भरून येतो व साचलेल्या लॅक्टेटचा मोठा भाग निघून जातो, हे वर सांगितलेले शास्त्र ध्यानात घेतले, म्हणजे त्या अर्ध्या तासाची किंमत काय होती ते उमगते.

आणि सरावाचे मोल पाहावयाचे असल्यास आमच्याच मराठवाड्यातील बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांच्याकडे पाहावे. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या व पुढे सैन्यात दाखल झालेल्या ह्या धावपटूने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत ३००० मीटरांची अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पुरी करून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक केवळ ०.०५ सेकंदाने हुकले. ह्या शर्यतीत २८ अडथळे व पाण्यावरून ७ उड्या असतात. अशा धावपटूच्या अंगातही लॅक्टेट तयार होतेच. परंतु वर्षानुवर्षांच्या सरावाने स्नायूंत तंतुकणिका व केशवाहिन्या वाढलेल्या असतात, आणि तयार झालेले लॅक्टेट तेथल्या तेथे इंधन म्हणून खपते. थकवा नाहीसा होत नाही. तो उशिरा येतो. सराव म्हणजे दुसरे काही नाही.

परंतु सराव निराळा आणि अविचार निराळा. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटरांच्या धावेच्या चाचणीनंतर काही उमेदवारांचे प्राण गेले, ही बातमी पालकांच्या स्मरणात असेल. कडक ऊन, तहान, अपुरी झोप आणि 'काहीही झाले तरी थांबावयाचे नाही' हा हट्ट एकत्र आले, म्हणजे उष्माघात होऊन तरुण शरीरही दगा देते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने बरेच महिने व्यायाम सुटलेला असता, मित्रांशी पैज लावून एका बैठकीत पाचशे बैठका काढल्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या सुजून टणक झाल्या व लघवीस कोऱ्या चहासारखा रंग आला. आईने वेळ न दवडता त्यास इस्पितळात नेले म्हणून तो बचावला. अशा वेळी स्नायूंच्या पेशी फुटून मायोग्लोबिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते व मूत्रपिंडांचे काम बंद पाडते. १९४१ साली लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसांत बायवॉटर्स या वैद्याने हीच आपत्ती पाहिली व तिचे वर्णन केले. म्हणूनच भूकंपाच्या जागी बराच वेळ दडपून राहिलेल्या माणसास बाहेर काढण्यापूर्वीच शिरेवाटे द्रव देण्याची खबरदारी जाणते वैद्य घेतात. पैजेच्या बैठका आणि कोसळलेली भिंत यांचा परिणाम एकच व्हावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी नव्हे काय?

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस काही सूचना कराव्याशा वाटतात. व्यायाम रोज थोडा थोडा वाढवावा. सुटलेला व्यायाम पुन्हा धरताना तर निम्म्यापासून आरंभ करावा. धावण्यापूर्वी अंग सैल व उबदार करून घ्यावे. शर्यतीच्या पहिल्या फेरीतच सारे बळ खर्चू नये. शर्यत संपताच जमिनीवर अंग टाकू नये; पाच-दहा मिनिटे सावकाश चालावे, म्हणजे साचलेले लॅक्टेट लवकर खपते व घेरीही येत नाही. पाणी पीत जावे. उन्हाळ्यात मीठ घातलेले ताक उत्तम. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाणे, जमल्यास अंडी, व रात्रीची पुरेशी झोप, एवढ्याने स्नायूंची दुरुस्ती होते. महागड्या डब्यांतील भुकट्यांवर पालकांनी कष्टाचा पैसा घालविण्याचे कारण नाही. दुखरे अंग चालते-फिरते ठेवावे, परंतु जोराचे काम एक-दोन दिवस टाळावे. आणि घेरी येणे, छातीत दुखणे, धावताना बोलणे असंबद्ध होणे, अथवा लघवीस गडद रंग येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच घटकेस डॉक्टरांकडे जावे. तेथे धैर्य दाखवू नये.

त्या दिवशी तास संपताना आम्ही त्या विद्यार्थ्यास सांगितले, "तुझ्या आजीचा शब्द जुना, पण सल्ला बराचसा खरा. मात्र अगदी स्वस्थ बसू नकोस. दोन दिवस नुसता चालत जा. आणि दादास सांग, पायांत ॲसिड उरलेले नाही, दुरुस्तीचे कामगार बसले आहेत. त्यांचे काम पुरे होऊ दे." तिसऱ्या दिवशी तो भिंतीचा आधार न घेता वर्गात आला, आणि त्याच्यामागून, दाराशी थोडासा संकोचून, त्याचा दादाही आला. भरतीस अद्याप चार महिने होते. "सर," तो म्हणाला, "मला तेवढं पहिल्यापासून सांगा."

थकवा हा शत्रू नव्हे. घराच्या दाराशी उभा असलेला तो विश्वासू राखणदार आहे. त्याचा शब्द जो ऐकतो, त्यास तो रोज थोडे पुढे जाऊ देतो. जो त्यास ढकलून जातो, त्याच्या घराची राखण मग कोण करणार?